नाथा आखणीवाल्याचं विमान

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती ओतणारे, घासणारे, रंग मारणारे हात हवे तेवढे मिळतात. डोळ्यांची आखणी करणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही नाथा म्हात्रे म्हटलं की कारखान्याचा मालक स्वतः उठून पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवायचा. झिरो नंबरचा ब्रश हातात धरून नाथाने गेल्या पस्तीस वर्षांत किती देवांना दृष्टी दिली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्याने तर मुळीच नाही. बोलायचं म्हणाल तर देवाने त्याला तिथे हात फारच आखडून दिलं होतं. कारखान्यातली पोरं म्हणायची, नाथाकाका भादव्यात दोन शब्द बोलतात आणि माघात एक.

त्याच्या कामाचा एक शिरस्ता होता. डोळे सगळ्यात शेवटी. रंग झाला, सोनेरी झालं, सोवळ्याचे काठ झाले, सगळी मूर्ती वाळली की मग नाथा आंघोळ करून येणार, मूर्तीसमोर मांडी घालणार आणि श्वास धरून ब्रश टेकवणार. एकदा डोळे निघाले की त्या मूर्तीला परत हत्यार लावायचं नाही, पॉलिश पेपरचा तुकडासुद्धा नाही. डोळे उघडले म्हणजे ती आता आपली उरली नाही, घेणाऱ्याची झाली. हे त्याला उस्तादाने शिकवलं होतं आणि नाथाने ते प्रश्न न विचारता पाळलं. त्याची बायको मैना मात्र कधीमधी टोचायची. म्हणायची, "देवाचं डोलं काढतंय, पन पोराच्या डोल्याला डोला देऊन कधी बघितलाय काय?" नाथा यावर हसायचा. हसायचा म्हणजे मिशी थोडी हलायची.

मैना गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. मुलगी नमिता रोह्याला दिलेली, तिचा संसार तिकडे. मुलगा विशाल हवाई दलात, उडणारा नव्हे, विमानं दुरुस्त करणारा. राजस्थानच्या कडेला कुठल्याशा तळावर तो लढाऊ विमानांच्या पोटाखाली पडून असतो, एवढंच नाथाला माहीत होतं. मैना होती तोवर दर रविवारी दिवेलागणीला विशालचा फोन यायचा आणि मायलेकांचं तासभर चालायचं. भाजीला काय केलं इथपासून वडखळच्या नाक्यावर कुणाची गाडी कुणाला घासली इथपर्यंत सगळं त्या फोनमधून राजस्थानात जायचं. शेवटी मैना विचारायची, बाबांशी बोलतोस? नाथा लांबूनच हात हलवायचा, म्हणजे बरा आहे म्हणून सांग.

ती गेल्यावर फोन नाथाच्या हातात आला. विशाल विचारायचा, "जेवलात?" नाथा म्हणायचा, "व्हय. तू?" "व्हय." मग दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचे. "ठेवू?" "ठेव." पुढे पुढे रविवारही चुकायला लागले. नाथाने कधी आपणहून फोन लावला नाही. पोरगा ड्युटीवर असेल, आणि लावला तरी बोलायचं काय? घरात तो एकटा, वरणभात एकाच पातेल्यात, आणि टीव्ही लावायचा तो कुणीतरी बोलत राहावं म्हणून. एकटेपणा त्याला खात होता. आणि हा माणूस असा की त्याला त्याबद्दल कुणाजवळ कुरकुरताही येईना.

गणपती होऊन कारखाना थंडावला होता तेव्हा कुरिअरने एक खोकं आलं. खोक्यावर निळ्या आभाळात झेपावणारं लढाऊ विमान, आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले राखाडी तुकडे, शेकड्यांनी. त्या रविवारी विशालचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मी ज्याच्यावर काम करतो ना, तेच इमान हाय. सुखोई. बारकं केल्यालं. तुमी बनवायचं."

"मी? मना काय कलतंय त्यातलं?"

"मी सांगतो तसं करा. फोन पेल्याला टेकवून ठेवा. पयलं नेलकटर आना."

अशी सुरुवात झाली. नेलकटरने तुकडे कापायचे, कापल्या जागेची टोकं पॉलिश पेपरने घासायची, मग पातळ गोंद ब्रशाने सांध्याला लावायचा आणि मनात देवाचं नाव घेऊन धरून ठेवायचं. नाथाचे हात या कामाला जन्मलेलेच. पहिल्याच दिवशी फोन ठेवला तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे कधीच लागून गेले होते, आणि नाथाच्या लक्षात आलं की 'जेवलात?' हा प्रश्नही आज कुणी विचारला नाही.

पण गाडं पहिल्याच वळणावर अडलं. विमान बांधायचं तर आधी पायलटची बसायची जागा पुरी करायची, पायलट रंगवून आत बसवायचे, मग दोन्ही अंगं जोडून टाकायची. पायलट दोन, एक पुढे आणि एक मागे. डोक्याला हेल्मेट, नाकातोंडावर मास्क, उघडा काय तो डोळ्यांपुरता पट्टा, तांदळाच्या दाण्यात मावेल एवढा.

"डोळं तुमी काढायचं म्हणून हेल्मेटची काच मी मुद्दाम वर ठेवायला सांगतोय," विशाल म्हणाला. "आधी त्यांचं डोळं उरकून घ्या, बाबा."

"डोलं आधी?" नाथाचा ब्रश जागच्या जागी थांबला. "डोलं शेवटी असतात."

"हा गणपती नाय, बाबा. नंतर हात पोचनार नाय आत."

"मंग इमानाची काच उघडी ठेव. डोलं शेवटी."

पेणच्या माणसाखेरीज ही अडवणूक जगात कुणी केली नसती. विशालने चार वेळा समजावलं, शेवटी हसला आणि हरला. पायलटांच्या डोक्यावरची विमानाची काच चिकटवायची नाही असं ठरलं. दोन आंधळे पायलट आपापल्या खुर्चीवर बसले आणि विमान त्यांच्याभोवती वाढायला लागलं.

आणि वाढता वाढता संपेना. दर रविवारी विशाल काहीतरी नवं काढायचा. आज म्हणे खुर्चीचे पट्टे करा, पातळ चंदेरी कागदाचे. नाथाने कपाटातून मैनाच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची उरलेली पाकिटं काढली, मागचा चंदेरी पापुद्रा सोलला आणि त्याचे पट्टे कातरले. पट्टे कशाचे ते त्याने विशालला सांगितलं नाही. मग ऑक्सिजनची नळी आली, ती जुन्या चार्जरच्या तारेला पीळ देऊन केली. मग चाकांच्या खोबणीतल्या वायरी, ज्या विमान उलटं केल्याशिवाय कुणाला दिसणारही नाहीत. नाथाला त्याचं नवल वाटलं नाही. गणपतीच्या पाठीचं जानवंही तो समोरच्याइतकंच नीट काढायचा.

रंगाच्या वेळी मात्र दोघांची जुंपली. नाथाने कारखान्यातून स्प्रेगन आणली आणि विमान असं चकचकीत केलं की त्यात तोंड बघावं. पंखांच्या कडांना हलकी छटा सोडली, जशी तो देवाच्या गालांना सोडायचा. पायलटांच्या डोळ्यांच्या जागेखाली तेवढ्याशा पट्टीतही चिमूटभर गुलाबी दिला होता. विशाल फोनवर पोट धरून हसला.

"इमान मळकं असतं, बाबा. तेल गळतंय, इंजिनाकडं काजळी धरतंय, आमचं बूट लागून पंखावर डाग पडत्यात."

"मंग पुसत नाय काय तुमी?"

"पुसतो की. मीच पुसतो. पुसून जेवढं राहतं तेवढं काढा."

जन्मभर ज्याने मूर्तीवर माशी बसू दिली नाही त्याने मग आपल्या हाताने विमानाला काजळी फासली. कुठे किती फासायची ते विशाल सांगायचा, आणि सांगता सांगता आपसूक बाकीचंही येऊन जायचं. पंखावर उन्हाळ्यात हात टेकवता येत नाही. एकदा पाय घसरून शिडीवरून पडलो होतो, आईला सांगितलं नव्हतं. धावपट्टीवर मोर येतात आणि त्यांना हाकलायला वेगळा माणूस असतो. नाथा ब्रश फिरवत ऐकायचा. मध्येच त्याने विचारलं, "या दोगांची तोंडं एकाच बाजूला. मागचा पुढच्याशी बोलतो कसा?"

"हेल्मेटात माईक असतोय, बाबा."

"आन नाय बोलला तर?"

"तर दोगं पन गप बसून उडतात," विशाल म्हणाला, आणि त्याने पटकन पुढचा रंग विचारला.

माघी गणपती झाला तेव्हा विमान तयार होतं. पाण्यात भिजवून कागदावरून उतरवायची तिरंगी चक्रं पंखांवर बसली, चाकं लागली, नाकाची सुई लागली. राहिले ते डोळे. चार ठिपके आणि चार रेघा. नाथाला हे काम एका बैठकीचं होतं. विशाल विचारायचा, "डोळं काढलं?" नाथा म्हणायचा, "आज हवा दमट हाय." पुढच्या वेळी ब्रशाचे केस बिघडले. त्याच्या पुढच्या वेळी त्याने आपली मान धरली आहे असं सांगितलं, आणि खरं वाटावं म्हणून मान वाकडी करून बसला.

त्याची भीती साधी होती. डोळे काढले की विमान पुरं झालं, आणि विमान पुरं झालं की रविवार गेला. मग परत जेवलात, व्हय, ठेवू, ठेव. आपण पोराला आंधळ्या पायलटांच्या नावावर धरून ठेवलंय, हे नाथाला कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. त्याला तिकडे काय कमी कामं असतील? थकूनभागून येत असेल आणि म्हाताऱ्याची हौस म्हणून तासभर बसत असेल. रोज जेवताना नाथा विमान ताटासमोर ठेवायचा. सोमवार ते शनिवार घरात तेवढीच सोबत होती, आणि तीही त्याच्याकडे न बघणारी.

मार्चात नमिताने बोलावलं म्हणून तो रोह्याला गेला. एसटी नागोठण्याला अर्धी रिकामी झाली, उरलेला रस्ता तो खिडकीशी बसून गेला. जावई रितेश कंपनीत शिफ्टला गेला होता. नमिताने वालाचं बिरडं केलं होतं, आईसारखंच, फक्त गूळ जरा जास्त. वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, तुमचं ते इमान होणार कवा? दादा पार टेकीला आलाय."

नाथाचा घास हातातच राहिला. "कंटाललाय काय तो?"

"कंटाळतोय कसला. त्याचं सांगून संपलंय सगळं. खोक्यातलं काम तर दिवाळीतच संपलं असतं म्हणे. ते पट्टे न् नळ्या न् वायरी, ते सगळं हाच शोधून काढतोय. गेल्या आठवड्यात मला फोन करून विचारतो, नमे, बाबांना अजून काय करायला सांगू गो?"

"पन कशापायी?"

नमिता पदराला हात पुसत खाली बसली. "तो म्हणतो, संध्याकाळी समद्या पोरांचं घरी फोन चालू असतात. मी घरी लावतो तर बाबा विचारतात, काय काम होतं? म्हणून काम काढावं लागतं. आई होती तवा काम लागत नव्हतं."

नाथाने बिरड्यातला एक वाल उगाच इकडून तिकडे सरकवला. काय काम होतं, असं तो विचारायचा हे त्याला आठवतही नव्हतं. विचारत असणार. फोन वाजला की माणूस तेच विचारतो.

"आन तुमच्या हातचं डोळं बघायचंय त्याला," नमिता म्हणाली. "म्हणतो, बाबांनी सगळ्या गावासाठी काढलं, माझ्यासाठी एकदा काढू दे. तेवढं पन तुमी देत नाय."

परतीच्या एसटीत नाथा खिडकीशी बसला पण त्याला बाहेरचं काही दिसलं नाही. तिकडे वाळूत एक पोर रविवार यायच्या आधी आठवडाभर डोकं खाजवत बसतं, की बापाला आता कोणतं काम सांगू. इकडे बाप मान वाकडी करून दाखवतो. दोघांच्या मध्ये टीचभर प्लास्टिक. मैना असती तर दोघांच्याही पाठीत धपाटा घातला असता. त्याला तिची इतकी आठवण झाली की वडखळला उतरून चहा घ्यायचा होता तेही राहून गेलं.

त्याने ठरवलं. पोराने मागितले ते डोळे त्याला द्यायचे. आणि दिले की सरळ सांगायचं, बाबा रे, काम नसलं तरी फोन कर, मला बरं वाटतं. दहा शब्दांचा तर मामला. आठवडाभर भाजी चिरताना, कारखान्यात रंग घोटताना तो ते शब्द मनात म्हणून बघत होता. शनिवारी तर तो आरशासमोर मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच लाजला.

रविवारी दुपारी त्याने आंघोळ केली. विमान पाटावर ठेवलं, समोर मांडी घातली. झिरो नंबरच्या ब्रशाचे केस कापून चार ठेवले. आधी मागच्याचे काढले, मग पुढच्याचे. श्वास धरून पांढरा, श्वास धरून काळा, वर पापणीची रेघ. हात हलला नाही. मागच्याची नजर त्याने पुढच्याच्या पाठीवर ठेवली. आणि पुढच्याची, काय मनात आलं कुणास ठाऊक, किंचित बाजूला वळवली, मागे कोण आहे याचा अंदाज घेतल्यासारखी.

दिवेलागणीला फोन आला. नाथाने तो पेल्याला टेकवला आणि काही न बोलता विमान पुढे सरकवलं. विशाल वाकला. त्याचा चेहरा पडद्यावर एवढा मोठा झाला की नाथाला त्याच्या भुवईतली लहानपणीची खोकही दिसली. नाथाने मान वर करून पोराकडे बघितलं, चांगलं डोळा भरून. पोराच्या कानशिलावर दोन पांढरे केस होते. हे कधी झालं?

"बाबा," विशाल म्हणाला. मग म्हणाला, "जित्तं वाटत्यात."

"व्हय."

"म्हणजे झालं आता. पुरं झालं."

"व्हय. झालं."

आता बोलायचं होतं. दहा शब्द आठवडाभर घोकलेले, पण त्यातला पहिलाही नाथाच्या तोंडातून निघेना. पस्तीस वर्षं ज्याने तोंड मिटून काम केलं त्याचं तोंड एका रविवारात कसं उघडणार? विशालही खाली बघत होता. त्याच्या मागे बराकीची भिंत, भिंतीवर कुणाचा तरी टॉवेल.

"जेवलात?" विशालने विचारलं.

"व्हय. तू?"

"व्हय."

त्यानंतर काय येतं ते नाथाला पाठ होतं. त्याने विशालच्या ओठांकडे बघितलं, ते उघडतच होते. नाथाने हात पुढे केला, विमान उचलल्यासारखं केलं, आणि पुढच्या चाकाच्या काडीवर अंगठा ठेवून दाबला. कट् झालं.

डोळे काढलेल्या मूर्तीला नाथाने जन्मात नखाचा धक्का लावला नव्हता. आणि भंगलेली मूर्ती पेणमध्ये कुणी सांधत नाही, तिला पाणी दाखवतात. विमान नाक खाली करून पाटावर टेकलं होतं.

"चाक मोडला रं," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात. लागला."

फोन पेल्याला टेकवलेला होता, आणि पाट, विमान, अंगठा, सगळं त्याच्या समोरच होतं. विशालने सगळं बघितलं होतं. मग त्याने नाक ओढलं, मनगटाने डोळे पुसले आणि खुर्ची फोनच्या जवळ ओढून बसला.

"पुढचं चाक लई अवघड असतंय, बाबा," तो म्हणाला. "त्याला खूप रविवार जातील."

"जाऊ दे," नाथा म्हणाला. "मना काय घाई नाय."